कुठला पत्ता द्यायचा, कुठला नाही

(स्त्री-संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘एक साधा वेब एपीआय तयार करून क्लाउडवर चढवणे’. कार्यक्रमपत्रिकेवर हे वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, की हे सत्र इंजिनियर मुलींसाठी आहे का, आम्ही तेवढ्यात आमच्या अहवालाचं काम उरकू का? म्हणून आधीच सांगते, मी इंजिनियर नाही. एमएसडब्ल्यूला आम्हाला केसवर्क शिकवलं, ग्रुपवर्क शिकवलं, समुदाय संघटन शिकवलं. संगणकाचा संबंध प्रबंध टाइप करण्यापुरता. पण समुपदेशन केंद्रात बसून बसून एक गोष्ट लक्षात आली आहे. संस्थेत ‘कॉम्प्युटरचं काम’ निघालं की ते कुणाच्या तरी भाच्याकडे जातं. भाचा हुशार असतो, मनापासून करतो, सहा महिन्यांनी त्याला पुण्याला नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ही झाली गैरसोय. तिच्याहून गंभीर गोष्ट अशी, की ते काम करताना वाटेत जे निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे काय साठवायचं, कुणाला दाखवायचं, किती दिवस ठेवायचं, तेही सगळे भाच्यानेच घेतलेले असतात. त्याला ते निर्णय वाटतच नाहीत. त्याला ते फॉर्मवरचे रकाने वाटतात.

आमची गरज अगदी साधी होती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या कलम ९ मध्ये संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांत एक काम सांगितलंय : आपल्या भागात कायद्याची मदत, समुपदेशन, निवारा आणि वैद्यकीय सोय देणारे कोण कोण आहेत त्यांची यादी ठेवणं. म्हणजे यादी हवी हे कायद्यालाही कळलेलं आहे. आणि याद्यांचा काही तुटवडा नाही. आम्ही पाच संस्था मिळून काम करतो, पाचजणींच्या पाच पुस्तिका. शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ. या पीडीएफचा गुण असा की ती मरत नाही. संरक्षण अधिकाऱ्याची बदली होते, निवारागृह दुसऱ्या इमारतीत जातं, विधी सेवा समितीचा नंबर बदलतो, आणि जुनी पीडीएफ ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत राहते. रात्री दहा वाजता मोरीत पाणी सोडून, नळाच्या आवाजाआड, एखादी बाई फोन लावते. तिच्याजवळ तीन-चार मिनिटं असतात. आणि पलीकडून ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू येतं. ती परत फोन लावेलच असं नाही.

तेव्हा ठरलं की यादी एकाच ठिकाणी राहील. तिथे ती दुरुस्त होईल. आणि पाचही संस्थांच्या वेबसाइट, हेल्पलाइनवर बसणाऱ्या मुलींचे मोबाईल, आपोआप उत्तर देणारं व्हॉट्सॲप, हे सगळे तिथूनच विचारून घेतील. अशा विचारून घेण्याच्या सोयीला एपीआय म्हणतात. नाव बोजड आहे, कल्पना तहसील कचेरीतल्या खिडकीची आहे. खिडकीवर ठरलेला अर्ज ठरलेल्या पद्धतीने द्यायचा, आतून ठरलेल्या नमुन्यात कागद बाहेर येतो. तुम्हाला दप्तरखान्यात शिरता येत नाही, आणि आतल्या माणसाने दप्तर कुठल्या कपाटात ठेवलंय याच्याशी तुम्हाला कर्तव्य नसतं. फरक एवढाच, की इथे खिडकीशी रांगेत माणसं नसून दुसरे संगणक उभे असतात आणि खिडकी दुपारी जेवायला बंद होत नाही.

आमची खिडकी एकच काम करते. तालुका सांगा, त्या तालुक्याची आणि जिल्ह्याच्या ठिकाणची यादी घ्या. अर्जाचे जे प्रकार असतात त्यांतले दोन तुमच्या कानावर पडतील. ‘गेट’ म्हणजे मला वाचायला द्या, ‘पोस्ट’ म्हणजे हे माझ्याकडून आत घ्या. आम्ही फक्त ‘गेट’ ठेवला. बाहेरून कुणीही आत काही ढकलू शकत नाही. उत्तर जेसन नावाच्या नमुन्यात येतं : डाव्या हाताला रकान्याचं नाव, उजव्या हाताला मजकूर. नाव, प्रकार, फोन, वेळ, आणि शेवटचा रकाना ‘फोन करून तपासल्याची तारीख’. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. पुढे त्यावर बोलणारच आहे.

कोड किती? पायथन भाषेत, फ्लास्क नावाचं तयार साहित्य वापरून, चाळीसेक ओळी. आमच्याच केंद्रातली बी.कॉम. झालेली एक कार्यकर्ती आणि मी, दोघींनी चार संध्याकाळी बसून लिहिला. डेटाबेस वगैरे काही नाही. दीडशेच्या आसपास नोंदी, त्या आठवड्यातून एकदा बदलणार, त्याला डेटाबेस कशाला? एक सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेला तक्ता. प्रोग्रॅम सुरू झाला की ती वाचतो आणि विचारणाऱ्याला त्यातल्या ओळी देतो.

खरा वेळ गेला तो आपल्या मराठीपायी. एक्सेलमधून फाईल जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडला नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एसटीडी कोडच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं, कारण त्याला तो फोन नंबर म्हणजे हिशेबातला आकडा वाटतो. रकाना ‘मजकूर’ म्हणून आधी सांगून ठेवावा लागतो. फ्लास्क आपणहून देवनागरी अक्षरं जशीच्या तशी पाठवत नाही, त्यांच्या सांकेतिक आकड्यांची माळ पाठवतो. यंत्राला ती वाचता येते, पण आपण तपासायला बसलो तर काही कळत नाही. एका ओळीत ते बंद करता येतं.

आणि गावांची नावं! ‘अंबाजोगाई’ कुणी ‘अंबेजोगाई’ लिहितं, कुणी ‘आंबेजोगाई’. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. नावाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, मध्यरात्री शोधणारी बाई तिच्या तोंडात बसलेलं नाव टाकणार, आणि तिला उत्तर मिळालं पाहिजे. म्हणून आत आम्ही नावावर काहीच ठेवलं नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला एक क्रमांक आहे. तो धरला, आणि जुनी-नवी, शुद्ध-अशुद्ध सगळी नावं त्या क्रमांकाकडे बोट दाखवतात.

खिडकीवरून उत्तराबरोबर एक आकडाही येतो. २०० म्हणजे घ्या, सगळं ठीक. ४०४ म्हणजे असं काही इथे नाही. ५०० म्हणजे आमच्याकडेच काहीतरी बिघडलंय. आता समजा एखाद्या तालुक्यात एकही निवारागृह नाही, तर कुठला आकडा द्यायचा? पाठ्यपुस्तकातलं पोर ४०४ देऊन मोकळं होईल. आम्ही भांडलो यावर. तालुका आहे, तिथे बायका आहेत, सोय नाही. हे काही ‘सापडलं नाही’ नव्हे, हे उत्तर आहे. म्हणून तिथे २०० जातो, ‘या तालुक्यात निवारागृह नाही’ असं स्पष्ट वाक्य जातं, जिल्ह्याची सोय जाते, आणि १८१ व ११२ हे दोन क्रमांक तर प्रत्येक उत्तराबरोबर जातातच. अशा रिकाम्या तालुक्यांची यादी आता आपोआप आपल्या हातात येते. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देताना तिचा उपयोग होतो, तो वेगळाच.

आता क्लाउड. ढग वगैरे काही नाही, दुसऱ्याचा संगणक. कुठल्या तरी मोठ्या इमारतीत रांगेने लावलेला, वीज आणि थंड हवा दिलेला, आपण भाड्याने घेतलेला. ॲमेझॉनने मुंबईत २०१६ साली अशी केंद्रं उघडली, गूगलने २०१७ साली. आम्ही गूगलची ‘क्लाउड रन’ नावाची सोय वापरली. कारण साधं : तिथे कुणी विचारायला आलं तरच यंत्र जागं होतं, नाहीतर झोपलेलं असतं, आणि झोपलेल्या यंत्राचं भाडं लागत नाही. झोपेतून उठायला त्याला काही सेकंद लागतात, तेवढं चालवून घ्यायचं. आमच्याइतका वापर महिन्याच्या मोफत मर्यादेत बसतो.

चढवायचं कसं, तर डब्यासारखं. प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या साहित्याची यादी आणि आपली सीएसव्ही फाईल एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि एक आज्ञा द्यायची. पलीकडे त्याचा एक बंद डबा भरला जातो, पोळीभाजीपासून लोणच्यापर्यंत सगळं आत, त्यामुळे तो कुठल्याही यंत्रावर उघडला तरी तेच जेवण मिळतं. नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो तो दाराच्या क्रमांकाचा. फ्लास्क आपल्या संगणकावर ५००० क्रमांकाच्या दाराशी आणि फक्त घरातल्यांची हाक ऐकत बसलेला असतो. क्लाउड रन सांगतं तो दार-क्रमांक, बहुधा ८०८०, धरून बाहेरच्यांची हाक ऐकायला त्याला सांगावं लागतं. नाहीतर डबा चढतो पण दार उघडत नाही, आणि लाल अक्षरांत लांबलचक तक्रार येते. घाबरायचं नाही, ती तक्रार सावकाश वाचायची. पोलीस ठाण्यातला पंचनामा वाचणाऱ्या बायका आपण, हे काय अवघड आहे?

ती आज्ञा दिली की यंत्र एकदोन प्रश्न विचारतं. यंत्र कुठल्या प्रदेशात हवं, हा एक. आम्ही मुंबई सांगितलं. दुसरा प्रश्न इंग्रजीत येतो, त्याचा मराठीत अर्थ असा : ओळख न पटवता कुणालाही आत येऊ द्यायचं का? हो की नाही. काही न लिहिता नुसतं पुढे गेलात तर यंत्र ‘नाही’ धरतं. माझं आजचं सगळं भाषण या एका प्रश्नाबद्दल आहे असं समजा. सार्वजनिक यादीसाठी आम्ही ‘हो’ लिहिलं. ज्या गोष्टीला ‘हो’ लिहिता येत नाही ती या फोल्डरमध्ये ठेवायचीच नाही, असंही त्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवलं.

उदाहरणार्थ निवारागृहांचे पत्ते. आमच्या वहीत ते आहेत. खिडकीवर फक्त फोन नंबर मिळतो. काहीजणी म्हणाल्या, फाईलमध्ये पत्ता राहू द्या, दाखवताना लपवू. पडद्यावर लपवलेली गोष्ट खिडकीतून मात्र बाहेर पडलेली असते. थोडंसं जाणणारं कुणीही मूळ उत्तर उघडून वाचू शकतं. जी गोष्ट फाईलमध्ये नाही ती कुठल्याच चुकीने बाहेर जाऊ शकत नाही. कायद्याच्या नियमांतही आहे की बाईची इच्छा असेल तर ती निवारागृहात असल्याचं ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळू द्यायचं नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फोन आणि टपाल असेल, तत्त्व तेच.

यादी चालू झाली, लोकांना आवडली, आणि मग दुसरी मागणी आली. ती अपेक्षितच होती. आता केसेसही यावर आणा. एक बाई आमच्याकडे येते, तिथून दुसऱ्या संस्थेकडे जाते, मग तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगते. पाचही संस्थांना एकच नोंद दिसली तर तिचा त्रास वाचेल. शिवाय निधी देणाऱ्यांना दर महिन्याला आकडे हवेत, तेही आपोआप जातील. हा मुद्दा मी हलका समजत नाही. आपली मारहाण चौथ्यांदा अनोळखी बाईपुढे सांगताना गप्प होऊन गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तिची वणवण खरी आहे. तरीही मी विरोध केला आणि आजही करते. का ते सांगते.

पुस्तकांमध्ये चोर हा परका असतो. रशियात बसलेला कुणीतरी, ज्याला तुमचं बँकखातं हवंय. आपल्या कामात ज्याच्यापासून लपवायचं तो तिच्या घरात झोपतो. तिची जन्मतारीख त्याला ठाऊक आहे, आधारची झेरॉक्स त्याच्या कपाटात आहे, आईचं नाव, शाळेचं नाव, सगळं ठाऊक. आणि मोबाईलवर ओटीपी पाठवून ओळख पटवायची म्हणाल, तर मोबाईल कुणाच्या हातात आहे? ज्याला सगळं जग पक्की ओळख म्हणतं, ती आमच्या बाईच्या बाबतीत नवऱ्याची किल्ली असते.

आता कारागिरीचा दोष बघा. समजा केसेसची खिडकी केली, पासवर्ड लावला. कार्यकर्ती आत गेली, पत्त्याच्या शेवटी तिच्या केसचा क्रमांक ४१२ दिसतोय. तिने सहज ४१३ केलं. समोर दुसऱ्या संस्थेतल्या दुसऱ्या बाईची कहाणी उघडली. कारण प्रोग्रॅमने ‘ही कोण’ एवढंच तपासलं, ‘ही नोंद हिला बघायचा अधिकार आहे का’ हे तपासलंच नाही. हा दोष दुर्मिळ नाही. ओवॅस्प नावाची सुरक्षिततेवर काम करणारी संस्था एपीआयमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१९ च्या आणि २०२३ च्या, दोन्ही याद्यांत हा दोष पहिल्या क्रमांकावर आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी लोक जिथे चुकतात तिथे आपल्या चार संध्याकाळी पुरतील असं मला वाटत नाही.

घडलेली एक गोष्ट सांगते. ठिकाण सांगत नाही. एका कार्यालयातून केसेसचा एक्सेल तक्ता आढावा बैठकीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला गेला. नाव, गाव, सध्या राहण्याचं ठिकाण, असे रकाने होते. त्यात एपीआय नव्हता, क्लाउड नव्हतं, कुणी हॅकर नव्हता. चौथ्या दिवशी त्यातल्या एकीचा दीर तिच्या बहिणीच्या दारात उभा होता. बाईने केस पुढे चालवली नाही. तिचा काही राग नव्हता कुणावर. ती फक्त परत आली नाही. आता तोच तक्ता चोवीस तास उघड्या खिडकीत ठेवायचा आणि वर सांगायचं की माहिती मुंबईतच आहे, देशाबाहेर गेलेली नाही. दिराला मुंबई काही लांब नाही.

‘पण तिची संमती घेऊ’, असं म्हटलं जातं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती कशी हवी ते लिहिलंय : मुक्त, नेमकी, समजून दिलेली, विनाअट, निःसंदिग्ध. संध्याकाळी सात वाजता पोराला कडेवर घेऊन बाकावर बसलेल्या बाईपुढे आपण फॉर्म सरकवतो. ती सही करते. ती निवाऱ्याची चिठ्ठी मागायला आलीय, सही करणारच. या सहीला मुक्त म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसेसमध्ये तर पीडित स्त्रीची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाच्या २२८ अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे.

बरं, नावं काढून टाकू? नावाशिवायही बाई ओळखू येते. तालुका, गाव, वय, जात, मुलांची संख्या एवढं लिहिलं की शंभर उंबऱ्यांच्या गावात शाळकरी पोरगाही सांगेल कुणाबद्दल आहे ते. म्हणून निधी देणाऱ्यांसाठी आम्ही आकडे देतो ते जिल्ह्याचे, तिमाहीचे, आणि कुठल्याही चौकटीत पाचपेक्षा कमी आकडा आला तर तो छापत नाही. त्यातही गोम आहे. एकूण बारा आणि बाकीच्या चौकटींची बेरीज अकरा दाखवली तर राहिलेली एक कुणीही वजा करून काढेल. म्हणून एक चौकट झाकली की जोडीची दुसरीही झाकावी लागते. निधी देणाऱ्या एका अधिकारी बाईंना हे समजावायला दोन तास गेले, मग त्यांना पटलं. पटतं, फक्त बसून बोलावं लागतं.

तर केसेस आजही कुलपातल्या रजिस्टरमध्ये आहेत. बाईला दुसरीकडे पाठवायचं असेल तर ती समोर बसलेली असताना तिथल्या कार्यकर्तीला फोन लावायचा, तिला ऐकू येईल असं बोलायचं, काय सांगायचं ते तिला विचारून सांगायचं. वेळ लागतो. कधी फोन लागत नाही आणि मग ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. ही किंमत आहे, आणि ती आपण नव्हे तर ती बाई मोजते, हेही मला कबूल आहे. याच्यावर आणखी चांगला उपाय कुणाला सुचला तर मी पहिली ऐकायला बसेन.

आता ज्या यादीला ‘हो’ म्हटलं, तीही वाटते तेवढी निरुपद्रवी नसते. खिडकीवर कोण आलं, किती वाजता, कुठल्या यंत्रावरून, आणि काय मागितलं, याची नोंद क्लाउडवर आपोआप होते. तिला लॉग म्हणतात, आणि आपण काही बदललं नाही तर ती तीस दिवस राहते. मागितलेली गोष्ट पत्त्यातच लिहिलेली असेल, म्हणजे ‘अमुक तालुका, हिंसेचा प्रकार अमुक’, तर तीही त्या नोंदीत गेली. पहिल्या आराखड्यात हिंसेचा प्रकार विचारायचं चाललं होतं, नेमकी सेवा सुचवता यावी म्हणून. चांगल्या हेतूने. आम्ही तो रकानाच काढला. मग एक पाऊल पुढे गेलो. आता मोबाईल पूर्ण जिल्ह्याची यादी एकदम मागून घेतो. ती काही मोठी नसते, एखाद्या फोटोपेक्षाही हलकी. त्यातलं हवं ते मोबाईल स्वतःच्या आत शोधतो. तिने निवारागृह पाहिलं की वकील, हे सर्व्हरला कळतच नाही. मग ते कुणी विचारलं तरी आमच्याकडे सांगायला काही नाही.

सर्व्हरचं नावही विचार करून ठेवलं. पत्त्याच्या सुरुवातीला कुलूप दिसतं, म्हणजे मधल्या वाटेवर कुणाला मजकूर वाचता येत नाही, हे खरं. पण कुठल्या नावाच्या सर्व्हरकडे विचारणा झाली ते वाटेवर दिसू शकतं, आणि मोबाईलच्या जुन्या भेटींच्या यादीतही राहतं. क्लाउड रन जो पत्ता देतं त्यात आपण ठेवलेलं नाव येतं. तिथे ‘हिंसामुक्ती’ किंवा ‘महिला मदत’ ठेवलं तर रात्री मोबाईल तपासणाऱ्या नवऱ्याला आपणच निरोप दिला. आम्ही अगदी नीरस नाव ठेवलंय, कृषी बाजारभाव वाटावेत असं. ते मी इथेही सांगणार नाही.

पैशाचं आणि किल्ल्यांचं थोडक्यात सांगते. खातं संस्थेच्या ईमेलवर काढा, कार्ड संस्थेचं असू द्या. खर्चाची सूचना लावता येते, पण ती फक्त सांगते, खर्च थांबवत नाही. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त किती यंत्रं जागी व्हावीत याची मर्यादा घालून ठेवा. कोडमध्ये किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी कुठलीही गुप्त गोष्ट, लिहू नका. तिला ठेवायला क्लाउडवर वेगळी तिजोरी असते. कोडचा इतिहास राखणाऱ्या गिटमध्ये किल्ली एकदा गेली की नंतर ओळ पुसून उपयोग नाही, जुन्या पानावर ती राहतेच, किल्लीच बदलावी लागते. आमच्या खात्याचा अधिकार दोघींकडे आहे आणि तिसरा मार्ग बंद पाकिटात, कचेरीच्या कपाटात. मोफत म्हणून कशावर विसंबू नका. हेरोकू नावाच्या कंपनीची मोफत सोय जगभरच्या लहान लहान प्रयोगांचा आधार होती, ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. म्हणून आमची सीएसव्ही फाईल पेनड्राइव्हवर असते आणि दर महिन्याला तिची छापील प्रत निघते. लाइट गेल्यावर तीच उपयोगी पडते.

शेवटी त्या तारखेच्या रकान्याबद्दल. कोड चार संध्याकाळी झाला. फोन करणं कधीच संपत नाही. दर शुक्रवारी दुपारी दोघीजणी बसतात, पंधरा-वीस नंबर लावून बघतात, कोण उचलतं, काय बोलतं ते ऐकतात, तारीख बदलतात, फाईल पुन्हा चढवतात. नव्वद दिवसांत तपासला गेला नाही तो नंबर यादीच्या तळाशी जातो आणि त्याच्यापुढे ‘तपासायचा आहे’ असं येतं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ‘ॲप विकसन’ या नावाखाली रक्कम मिळते. ‘शुक्रवारी फोन करणे’ या नावाखाली कुणी रुपया देत नाही. घर बांधणाऱ्याचं नाव पाटीवर आणि रोज केर काढणारीचं कुठेच नाही, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या प्रस्तावात आम्ही हे फोनचे तास वेगळे दाखवणार आहोत, मानधनासकट. मंजूर झालं नाही तर निदान नामंजूर झाल्याचं कागदावर येईल.

तुमच्या जिल्ह्यांची कच्ची यादी मी छापून आणली आहे, मागच्या टेबलावर तालुकावार ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत आपापलं पान घ्या आणि जे नंबर बंद आहेत ते पेन्सिलने खोडा. निवारागृहांचे पत्ते त्यात लिहू नका. आणि कुठल्या तालुक्याचे शुक्रवारचे फोन कोण करणार, ते नाव पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. दोन नावं लिहिलीत तर उत्तम. आता प्रश्न असतील तर घेते.